नादिरा सोडा, पेटीतल्या कॅसेटी काढा

आपल्या समाजाची चार माणसे जमली की हल्ली एक विषय हमखास निघतो. हिंदी सिनेमातले ज्यू! सुलोचना आपली, प्रमिला आपली, नादिरा तर आपलीच. २०१७ साली डॅनी बेन-मोशे यांचा ‘शालोम बॉलिवूड’ हा माहितीपट आल्यापासून या अभिमानाला नवे भरते आले आहे. माहितीपट चांगला आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्याबद्दल.

रुबी मायर्स ऊर्फ सुलोचना, एस्तेर व्हिक्टोरिया अब्राहम ऊर्फ प्रमिला, फ्लॉरेन्स इझिकेल ऊर्फ नादिरा, या तिघीही बगदादी घराण्यांतल्या. त्यांच्या कलेला माझा नमस्कार. पण सुलोचना पडद्यावर राज्य करीत होती त्या १९३० च्या दशकातच रंगूनच्या सिनेगॉगमध्ये बेने इस्राएलांना मतदानाचा हक्क असावा की नसावा, हा बगदादी मंडळींशी झालेला वाद कोर्टात गेला होता. तेव्हा जे आपल्याला आपले म्हणायला तयार नव्हते, त्यांच्या लेकींना आज आपण न विचारता आपल्या म्हणून टाकतो. हा मनाचा मोठेपणा की आळस? मला तरी आळस वाटतो, कारण खरोखर आपले जे होते त्यांची चौकशी करायला कष्ट पडतात.

डेव्हिड अब्राहम चेउलकर आपला. ‘बूट पॉलिश’मधला तो जॉन चाचा पाहून डोळे न पुसलेला माणूस विरळा. आणि जोसेफ डेव्हिड पेणकर? १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात हिंदुस्थानातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ लागला, तो पेणकरांच्या नाटकावर बेतलेला. चौल आणि पेण, गाव आडनावातच लिहिलेले! तरी पेणकरांचे नाव आपल्या किती नातवंडांना ठाऊक आहे? आणि त्या ‘आलम आरा’ची आज एकही प्रत शिल्लक नाही. पहिला हिंदी बोलपट आता कोणालाच ऐकता येत नाही.

मी हे आइंडहोवनमधून लिहितो आहे आणि त्याला कारण आहे. शनिवारी दुपारी इथल्या १८ सप्टेंबर चौकात बसून माणसे पाहिली, तर अर्ध्या तासात दोनतीनदा तरी मराठी कानी पडते. पुण्याची, नाशिकची, नागपूरची इंजिनिअर पोरे, बाबागाडी ढकलणाऱ्या त्यांच्या बायका. ओळख झाली की ठरलेला प्रश्न येतो, “तुम्ही ज्यू, मग मराठी इतके चांगले कसे?” याला आपल्या माणसाचे उत्तर काय, तर “नादिरा ठाऊक आहे ना? ती आमच्यातली.” दोन हजार वर्षे कोकणात काढली अशी ज्यांची परंपरा सांगते, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावाने शनवार तेली म्हटले, त्यांना मराठीचा दाखला द्यायला एक नटी लागावी, आणि तीही उसनी!

दाखला दुसराच आहे. १८८० च्या सुमारास आपल्या लोकांनी मुंबईत हरिदासी कीर्तनाचा साचा घेतला आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत उभी केली. बायकांची गाणी तर वेगळीच. मेहंदीची, लग्नाची, एलियाहू हन्नाबीच्या मलिद्याच्या वेळची. ती छापखान्यात कमी गेली आणि कॅसेटवर जास्त.

ती कॅसेट याच शहराच्या कंपनीची. लू ओटेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलिप्ससाठी ती तयार केली आणि १९६३ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडली. फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर सरकणारी. विमानाच्या सामानात बसेल आणि आजीला बटण दाबता येईल, एवढे सोपे यंत्र. लोद, अश्दोद, दिमोना, लंडन, टोरांटो इथल्या आपल्या घरांत त्या कॅसेटी अजून पडून आहेत. वर ‘मेहंदी’ किंवा ‘आई’ एवढेच पेनाने लिहिलेले. तिकडे आपल्या समारंभात मात्र पैसे मोजून डीजे आणतात आणि कालच्या सिनेमाच्या गाण्यांवर नाचतात. नाचा बुवा, पण त्याला ‘आपली संस्कृती’ म्हणू नका.

इथे व्हॅन अबे नावाचे कलासंग्रहालय आहे, हेन्री व्हॅन अबे या सिगार कारखानदाराच्या देणगीतून १९३६ साली उभे राहिलेले. एल लिसित्स्कीच्या चित्रांचा मोठा संग्रह तिथे आहे. लोक त्याचे चौकोन-त्रिकोण पाहून माना डोलावतात. पण हाच ज्यू चित्रकार १९१६ साली आपल्या एका मित्राबरोबर द्नीपर नदीकाठच्या गावांतून हिंडला, आणि मोगिलेव्हच्या लाकडी सिनेगॉगच्या छतावरची चित्रे त्याने नकलून घेतली. ते सिनेगॉग पुढे नष्ट झाले. त्याने उतरवून घेतले नसते तर ते रंग आज आपल्याला कुठे दिसले असते? 

यावर आपल्या मंडळींची उत्तरे मला पाठ आहेत. एक, “त्या चाली कुठे आपल्या होत्या? नाटकाच्या, सिनेमाच्या उचललेल्या.” असतील! चाल उचलली, पण तीवर शब्द कोणी बसवले? दोन, “नातवंडांना मराठी येत नाही, कोणासाठी जपायचे?” नातवंडांना येत नाही म्हणूनच. ज्यांना येते त्यांना कॅसेट लागत नव्हती, त्यांना गाणे तोंडपाठ होते. तीन, “हे काम संस्थेने करावे.” जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ध्वनिसंग्रह आहे, आणि तिथली माणसे जाणकार आहेत. पण तुमच्या पलंगाखालची पेटी उघडायला ते येणार नाहीत.

म्हणून येत्या खिरीच्या सणाला घरचे जमतील तेव्हा एवढे करावे. कॅसेट एकदम वाजवू नये. आधी पेन्सिलीने फीत सैल आहे का पाहावे, आतली नमद्याची गादी निखळली असेल तर फीत दुसऱ्या डबीत घालून घ्यावी. नव्वद मिनिटांची फीत पातळ असते, ती जपून. मग ती संगणकावर उतरवावी. आणि जी मावशी, आत्या, नानी अजून गाते, तिला समोर बसवून तिच्याकडून नव्याने भरून घ्यावे. गाण्याआधी तिने स्वतःचे नाव, माहेरचे गाव, आणि हे गाणे कोणाकडून व कोणत्या प्रसंगी शिकली ते सांगावे. मध्येच खोकला आला, कोणी चहा विचारला, तरी ते कापू नये.