ठेंगूंची बोली

दिवाळीच्या पाडव्याला एका बुटक्या बटूची आठवण घरोघरी निघते. त्याने तीन पावले भूमी मागितली, दोन पावलांत त्रिभुवन व्यापले आणि तिसऱ्यासाठी बळीराजाने आपले मस्तक पुढे केले, ही कथा आपल्याकडे शाळेत न गेलेले पोरही सांगेल. ओवाळताना मात्र आमच्या आयाबहिणी बळीचे राज्य येवो असेच म्हणतात; वामनाचे राज्य येवो असे म्हटलेले मी तरी कधी ऐकले नाही. ठेंगण्या माणसाविषयी लोकांच्या मनात काहीतरी अढी असतेच. तो कपटी तरी असावा, नाहीतर धनाचा राखणदार, नाहीतर निव्वळ हसण्याचा विषय. त्याच्या घरी संध्याकाळी काय शिजते, याची चौकशी कोणी करीत नाही.

हा विचार मला सुचला तो पुराणे वाचताना नव्हे, तर एका खेळामुळे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गोंदियात काही मुले एक नवा खेळ मांडून बसली होती. काही आमच्या कॉलेजातली, तर काही पुण्या-नागपुराला शिकणारी आणि सुट्टीत घरी आलेली. खेळ नवा तो आम्हांला. अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो १९७४ सालीच छापून विक्रीला आणला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचे नाव. यात पट नसला तरी चालते. एक जण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक सोंग घेतात, आणि सूत्रधाराने सांगितलेल्या अरण्यांतून, गुहांतून ती सोंगे तोंडी प्रवास करतात. तलवार लागली की चुकली, हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. दंडारीतला सोंगाड्या ऐन वेळी संवाद रचतो, तसेच हे. फरक इतकाच की इथे प्रेक्षक नाहीत आणि पहाटेपर्यंत जागणाऱ्यांना शेवटी चहा स्वतःच करावा लागतो.

मला तिथे बोलावले होते ते खेळगडी म्हणून नव्हे, शब्दकोश म्हणून. मुलांना खेळ मराठीत खेळायचा होता आणि पहिल्याच पानाला गाडी अडली होती. "सर, ड्वार्फला मराठीत काय म्हणायचं?"

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. 'बुटका' म्हणावे तर तो शब्द रस्त्यावर माणसाला मारलेल्या हाकेसारखा लागतो. खरोखरीच कमी उंचीची माणसे आपल्यात राहतात, नोकऱ्या करतात, संसार करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्यांची स्वतंत्र नोंदही झाली आहे. 'वामन' म्हणावे तर देवाचे नाव खेळात ओढल्यासारखे होते. 'खुजा' हा शब्द आपण आता विचारांना आणि पुढाऱ्यांना लावतो. 'यक्ष' मला आवडला असता, पण यक्ष म्हटले की मुलांना मेघदूत आठवतो आणि परीक्षा आठवते. शेवटी तडजोड म्हणून 'ठेंगू' ठरले आणि मी माझे काम संपले असे समजून चहाकडे वळलो.

काम संपले नव्हते. खेळाच्या पुस्तकांतून आणि कादंबऱ्यांतून हा ठेंगू कसा रूढ झाला आहे ते पाहा. कमरेपर्यंत दाढी, हातात कुऱ्हाड किंवा हातोडा, डोंगराच्या पोटात घर, सोन्याचा लोभ, मद्याची आवड आणि सात पिढ्यांचे वैर न विसरण्याची खोड. इंग्रजी खेळाडू त्याला बहुधा स्कॉटलंडचे हेल देतात. एक ठेंगू पाहिला की सगळे पाहिले. माणसांत शूर असतो, भित्रा असतो, कवी असतो, सावकार असतो. ठेंगूंची मात्र अख्खी जमात एकाच स्वभावाची.

याचे मूळ शोधायला आइसलँडपर्यंत जावे लागते. तिथल्या तेराव्या शतकातल्या ग्रंथांत हे लोक पहिल्या प्रतीचे लोहार आहेत. थॉर देवाचा हातोडा त्यांनीच घडवला. कामात एका माशीने व्यत्यय आणला म्हणून त्याचा दांडा आखूड राहिला, अशी कथा आहे. पुढे टोल्किन यांनी १९३७ साली 'द हॉबिट' मध्ये तेरा ठेंगूंना प्रवासाला काढले आणि त्यांची बहुतेक नावे एका जुन्या आइसलँडी काव्यातून उचलली. टोल्किन हे ऑक्सफर्डचे भाषेचे प्राध्यापक, म्हणजे आमच्याच व्यवसायातले. त्यांनी आपल्या ठेंगूंना एक खाजगी भाषा दिली. हे लोक ज्या देशात राहतात त्या देशाची भाषा बोलतात, पण घरच्या बोलीचा हेल तिच्यात उतरतो, असे ते सांगत; आणि त्यांच्याविषयी लिहिताना आपल्याला ज्यू लोकांची आठवण होते, असेही त्यांनी एका पत्रात म्हटले आहे. तात्पर्य, कल्पनेतली जमात कोणी हवेतून आणत नाही. कोठली तरी खरी माणसे तिच्यामागे उभी असतात, आणि बहुधा त्यांना विचारलेले नसते.

आमच्या गोंदियातही तेच झाले. ठेंगूचे सोंग ज्याच्याकडे आले तो मुलगा हुशार आणि नकला करण्यात पटाईत. त्याने घसा खाकरला आणि ठेंगूच्या तोंडी सरळ झाडीबोली घातली. "आमी डोंगराच्या पोटात रायतो, कोनाले भेत नाही!" खोली हशाने भरली. सूत्रधार इतका हसला की त्याचा फासा पलंगाखाली गेला.

एक मुलगी हसली नाही. ती अर्जुनी मोरगावच्या बाजूची. वर्गात पहिल्या बाकावर बसते आणि तोंड उघडत नाही. का उघडत नाही ते मला ठाऊक होते. एका वक्तृत्व स्पर्धेत तिच्या 'पाण्या'चे 'पानी' झाले, तेव्हा परीक्षकांनी विषयाऐवजी 'ण' या एकाच अक्षरावर भाष्य केले. झाडीबोलीत 'ण' चा 'न' होतो आणि 'ळ' चा 'र' होतो. तळे ते तरे आणि काळा तो कारा. हा जिभेचा आळस नव्हे, बोलीचा नियम आहे. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा शब्दकोश सिद्ध केला, तिची साहित्य संमेलने भरू लागली. पण बाकावर बसलेल्या मुलीला संमेलनापेक्षा शेजारच्या पोराचे हसणे जवळचे. आपली आजी जे बोलते तेच त्या दाढीवाल्या, लोभी, दारुड्या बुटक्याच्या तोंडी शोभून दिसते, असा निकाल त्या रात्री तिच्यासमोर लागला होता. ती चप्पल शोधू लागली.

मी उपदेश केला नाही. रात्री अकरा वाजता केलेला उपदेश कोणालाच लागत नाही. मी फक्त एक प्रश्न विचारला : "तुमचे हे ठेंगू आपापसांत कशावरून भांडतात?"

पुस्तके उलटली गेली. राक्षसांशी ठेंगूंचे वैर किती जुने ते सापडले. आपापसांतले भांडण चटकन हाताला लागेना. नकला करणारा मुलगा म्हणाला, "पण सर, सोंगाला काहीतरी ठसठशीत खूण नको का? नाहीतर समोरच्याला कळणार कसं?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. दंडारीत गणपती आला हे सोंडेवरूनच कळते. परंतु सोंड लावल्यावर गणपतीने काही बोलावेही लागते. नुसती सोंड हलवीत तो रात्रभर उभा राहिला तर प्रेक्षक उठून जातील. दाढी आणि कुऱ्हाड ही सोंड झाली. जमात दिसू लागते ती तिच्यातली दोन माणसे एकाच गोष्टीवर दोन मते देऊ लागतात तेव्हा. बाहेरच्याला सगळे सारखे दिसतात. आतल्याला माहीत असते की धाकट्या भावाचे आणि थोरल्याचे बांधाच्या हातभर जागेवरून बोलणे बंद आहे.

आणि ठेंगूंसाठी नमुने हवेत तर इतक्या दूर जायला नको. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यांत एक बुटका यक्ष सापडला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. पोट सुटलेले, डोक्यावर पसरट पात्र धरलेले आणि तोंडभर हसू. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचे नाव कोरले आहे : कण्हदास, धंद्याने सोनार. म्हणजे ठेंगू आणि धातूचे काम यांची गाठ आपल्याकडेही पडली आहे, फक्त आपल्या ठेंगूला हसता येते. आमच्या शेजारच्या बालाघाट-मंडल्याच्या डोंगरांत अगरिया लोक मातीच्या भट्टीत दगडापासून लोखंड काढीत. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. लोहासुर, आग्यासुर, कोयलासुर अशी लोखंडाची, अग्नीची आणि कोळशाची त्यांची दैवते. जंगलावर निर्बंध आले, भट्टीवर कर बसला, कारखान्याचे लोखंड स्वस्त झाले आणि भट्ट्या विझत गेल्या. हातात कला आहे पण कोळशाला लाकूड तोडता येत नाही, अशा लोहाराचे दुःख सोन्याच्या लोभापेक्षा कितीतरी खोल आहे.

तरी एक मर्यादा मी मुलांना सांगितली. सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. गोंड समाजाचे पूर्वज तिथे कोंडले गेले होते आणि पारी कुपार लिंगोने त्यांना बाहेर काढले, अशी श्रद्धा आहे. माघी पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून माणसे तिथे येतात. डोंगराच्या पोटातून निघालेली माणसे म्हणून ही कथा खेळाला आयती वाटेल. पण ती कोणाची तरी पूजा आहे. दुसऱ्याचे काम पाहून शिकावे, त्याचा देव्हारा उचलून आणू नये.

मग ती मुलगी पहिल्यांदा बोलली. "सर, ते स्वतःला काय म्हणतात?" कोणी? "हे ठेंगू. ठेंगू तर दुसऱ्यानं म्हटलेलं. त्यांच्या घरात सगळेच तेवढे, मग ठेंगा कोण?"

माझी वीस वर्षांची अध्यापकी त्या प्रश्नापुढे गप्प झाली. खरेच आहे. आपण ज्यांना गोंड म्हणतो ते स्वतःला कोइतूर म्हणवतात. टोल्किनचे ठेंगूही आपसांत स्वतःला खझाद म्हणतात. उंची मोजणारा नेहमी बाहेरचा असतो. त्या खेळाच्या कर्त्यांनाही असे काही उमगले असावे : २०२४ च्या पुस्तकात त्यांनी 'वंश' हा जुना शब्द काढून टाकला, आणि अंगचे गुण जन्मावरून मिळण्याऐवजी पूर्वायुष्यातल्या कामावरून मिळू लागले.

पुढच्या बैठकीला ठेंगूचे सोंग तिने मागून घेतले. तिने दाढी ठेवली, कुऱ्हाड काढून कुदळ दिली. तिचे लोक खाणी खोदत नाहीत, तलाव खोदतात. हे तिला पुस्तकात शोधावे लागले नाही. तिच्या गावाजवळचा नवेगावबांध अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगतात. गोंड राजांनी तलाव खोदणाऱ्यांना जमिनी दिल्या आणि कोहळ्यांनी भंडारा-गोंदियाचा हा सगळा मुलूख तलावांनी भरून टाकला. तलावाच्या पाळीवर राहणारे म्हणून तिच्या जमातीचे नाव पाळकरी. आणि तिच्या बोलीत 'ळ' चा 'र' होतो म्हणून 'पारकरी'. वारकऱ्याच्या जवळचे वाटावे असे नाव. सोने त्यांना ठाऊक आहे, पण ते ढोलीत साठवतात धान.

आणि त्यांचे भांडण? ते तर तिने तयारच आणले होते. पूर्वी मालगुजार तलावाची डागडुजी करवून घेई. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे गेले, आणि पाळ फुटली तर माती कोणी टाकायची हा प्रश्न गावोगाव उरला. तिच्या पारकऱ्यांचाही राजा गेला आहे. म्हातारे म्हणतात, पाळ आपली, माती आपण टाकू. तरुण म्हणतात, पाणी ज्याच्या बांधीला आधी जाते त्याने टाकावी. शेवटच्या बांधीवाली एक विधवा म्हणते, माझ्यापर्यंत पाणी येतच नाही, मी कशाला टाकू? नकला करणाऱ्या मुलाला तिने म्हाताऱ्याचे सोंग दिले. तो आधी घसा खाकरूनच सुरू झाला. दोन वाक्यांनंतर त्याची नक्कल गळून पडली, कारण त्याला उत्तर द्यायचे होते आणि उत्तर सापडत नव्हते. ती विधवेच्या तोंडून झाडीबोलीत बोलत होती, अस्खलित, एकदाही न अडखळता, आणि कोणालाही हसण्याचे भान नव्हते. अडीच तास तो झगडा चालला. डोंगरापलीकडचा अग्निमुखी सर्प वाट पाहून झोपी गेला असावा. त्या रात्री त्याच्याकडे कोणी फिरकलेच नाही.

आता भाऊबीजेपासून आमच्याकडे गावोगाव मंडई भरेल, दंडारी होतील, झाडीपट्टीची नाटके रात्र रात्र रंगतील. पुण्यामुंबईच्या नाटका-मालिकांत विदर्भातला माणूस अजूनही बहुधा हसवण्यापुरताच येतो; आमच्या नाटकांत मात्र राजाही झाडीबोलीत रडू शकतो.

त्या मुलीने बैठकीनंतर माझ्याकडून झाडीबोलीचा शब्दकोश नेला. पारकऱ्यांची नाती, शेतीची अवजारे आणि शिव्या एवढेच उतरवून घेते, चार दिवसांत परत करते, असे म्हणाली होती. जून गेला, धानाचे रोवणे झाले, कापणी आली. शब्दकोश अद्याप परत आलेला नाही, आणि मी मागितलेलाही नाही.