बाहुलीचे वस्त्र

जुन्या वस्तूंचे मोल ठरवताना आपण चकाकीला भुलतो आणि साधेपणाकडे दुर्लक्ष करतो. चिनी मातीच्या जुन्या बाहुल्यांच्या बाबतीत नेमके हेच घडते.

या बाहुल्या चीनच्या नव्हेत. 1840 च्या सुमारास त्या मुख्यतः जर्मनीत, विशेषतः थुरिंगिया प्रांतात तयार होऊ लागल्या. साच्यातून काढलेले डोके व खांदे भट्टीत भाजून त्यांवर झिलई चढवली जाई. केस, डोळे आणि ओठ रंगाने रेखाटले जात. खांद्याच्या कडेला असलेल्या छिद्रांतून दोरा ओवून हा भाग कापडी किंवा कातडी धडाला जोडत. धडात बहुधा लाकडाचा भुसा भरलेला असे. अनेक घरी नुसते डोकेच विकत आणले जाई. धड आणि कपडे आई किंवा मुलगी घरी शिवत असे.

संग्राहक सहसा चेहरा पाहूनच किंमत ठरवतात. विटलेला झगा काढून टाकून नवा, झुळझुळीत पोशाख चढवण्याची प्रथाही आढळते. मला ही प्रथा अयोग्य वाटते. एका साच्यातून असंख्य चेहरे निघत. परंतु घरी शिवलेला झगा एकच असतो. आखूड-लांब टाके, उरलेल्या कापडाचे जोड, परकराची झालर यांतून शिवण शिकणाऱ्या एखाद्या मुलीचा हात दिसतो. तिचे नाव कोणत्याही इतिहासात नाही. तिच्या श्रमाची नोंद मात्र त्या टाक्यांत आहे.

वस्त्र काळाचीही साक्ष देते. शिवणयंत्र घरोघरी पोहोचू लागले ते 1850 नंतर. पहिला कृत्रिम जांभळा रंग विल्यम पर्किन यांनी शोधला तो 1856 साली. म्हणून यंत्राची शिवण किंवा कृत्रिम रंग दिसल्यास झग्याचा काळ ठरवण्यास मदत होते. वस्त्र फेकले की हा पुरावाही नाहीसा होतो.

फाटक्या कपड्यांमुळे बाहुली विद्रूप दिसते, असा आक्षेप कोणी घेईल. तो अगदीच निराधार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेशमाचे वजन वाढवण्यासाठी धातूंचे क्षार वापरत. असे रेशीम कालांतराने आपोआप चिरते. अशा वेळी बाहुलीला नवा पोशाख अवश्य घालावा. पण जुना झगा न धुता, उन्हापासून दूर, आम्लरहित कागदात जपून ठेवावा आणि तो कोणत्या बाहुलीचा आहे याची चिठ्ठी सोबत ठेवावी.

आपल्याकडेही भातुकलीतल्या बाहुलीला जुन्या लुगड्याचा तुकडा नेसवला जाई. तो तुकडा कोणी सांभाळून ठेवला? राजांची वस्त्रे जपणारे पुष्कळ असतात. सामान्य घरातील मुलीने शिवलेले वीतभर वस्त्रही ज्या समाजाला जपावेसे वाटते, त्यालाच श्रमाची खरी किंमत कळली, असे म्हणता येईल.