आधी व्याज, मग बांध

दिवाळीच्या फराळासोबत सरकारी कर्जाचा हिशेब वाचायला देणे थोडे अरसिकपणाचेच. पण 2025 च्या गणपतीत 'आनंदाचा शिधा' हा सणासुदीचा स्वस्त सरकारी शिधा घरी आला नाही, तेव्हा हा हिशेब स्वयंपाकघरापर्यंत पोचलेलाच होता. राज्याच्या अर्थसंकल्पात खर्चाचे 'दत्तमत' आणि 'भारित' असे दोन प्रकार असतात. दत्तमत खर्चाला आमदारांची मंजुरी लागते. भारित खर्चावर चर्चा होऊ शकते, मतदान नाही. राज्यघटनेच्या 202व्या कलमाने कर्जावरचे व्याज भारित ठरवले, आणि ते बरोबरच आहे. धनकोला दिलेला शब्द दरवर्षी मताला टाकता येत नाही. पण मग व्याज म्हणजे आधीच्या सभागृहांनी आजच्या सभागृहाच्या नावावर उरकून ठेवलेले मतदान ठरते. 2025-26 साठी महाराष्ट्राने व्याजापोटी 64 हजार कोटींहून अधिक रक्कम धरली होती आणि महसूल सुमारे 5 लाख 61 हजार कोटींचा अपेक्षित होता. महसुलाच्या रुपयातले साडेअकरा पैसे असे जाणार होते. पगार आणि निवृत्तिवेतनही टळत नाहीत. मग ओढाताण झाली की कात्री कुठे लागते?

उत्तर आपल्या कोकण किनाऱ्यावर दिसते. 12 जानेवारी 2024 ला उद्घाटन झालेला 21.8 किलोमीटरचा अटल सेतू मुख्यतः जपानी कर्जातून उभा राहिला. नव्या पुलाला कर्ज मिळते, उद्घाटनाची फीत मिळते. पेण-अलिबागच्या खारपट्ट्यातल्या, भरतीचे पाणी अडवणाऱ्या बांधांचे आणि पाणी सोडणाऱ्या उघाड्यांचे तसे नाही. त्यांची वर्षानुवर्षांची डागडुजी महसुली खर्चात मोडते, म्हणजे व्याज जिथून कापले जाते त्याच थैलीतून तिला पैसे हवेत. बांधाला खांड पडली की उधाणाचे पाणी भातात शिरते आणि पुढची काही वर्षे जमीन नापीक होते. पण न झालेल्या दुरुस्तीची बातमी होत नाही, म्हणून ती पुढे ढकलणे सर्वांत सोपे.

2025-26 च्या अंदाजात महाराष्ट्राचे कर्ज राज्याच्या सकल उत्पन्नाच्या 19 टक्क्यांच्या आत होते, 25 टक्क्यांची मर्यादा बरीच दूर होती, मग ओरड कशाला, असा आक्षेप येतो. आकडा खरा आहे. मात्र सकल उत्पन्न म्हणजे सगळ्या जनतेची कमाई. व्याज फेडायचे ते तिजोरीत येणाऱ्या पैशातून. त्यात 2017 च्या जीएसटीनंतर करांचे दर ठरवण्याची मोकळीक राज्याकडे फारशी उरलेली नाही. मुद्रांक, इंधन, दारू अशी मोजकीच साधने काय ती हाताशी. जून 2025 मध्ये भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचे उत्पादन शुल्क वाढले ते उगीच नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: विकासासाठी काढलेले कर्ज स्वतःचे व्याज स्वतःच फेडते. पुलामुळे व्यापार वाढेल, कर वाढतील, हे मान्य. पण 2025-26 ची 1 लाख 36 हजार कोटींची अंदाजित राजकोषीय तूट, म्हणजे त्या वर्षीचे नवे कर्ज, पाहिली तर त्यातले जवळजवळ 46 हजार कोटी महसुली तुटीचे आहेत. कर्जाचा तिसरा हिस्सा चालू खर्चात जातो आणि त्यातून कोणताही पूल उभा राहत नाही. आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते: ही महसुली तूट व्याजाच्या रकमेपेक्षा लहान आहे. जुन्या कर्जाचे व्याज नसते तर याच करांत, महिलांना दरमहा पैसे देणाऱ्या 'लाडकी बहीण'सकट याच योजना चालवून, महसुली शिल्लक पडली असती. म्हणून सारा दोष एकट्या त्या योजनेवर टाकणे हा अर्धा हिशेब आहे. तिच्यासाठी 2025-26 ला धरलेले 36 हजार कोटी पुढच्या अर्थसंकल्पात सभागृह कमी-जास्त करू शकते, व्याजाचे तसे करू शकत नाही.

याच किनाऱ्यावरच्या श्रीवर्धनहून निघालेल्या पेशव्यांच्या भट घराण्याचीही मोहिमा कर्जावर आणि वसुली पुढच्या मोहिमेवर अशीच रीत होती. बाळाजी विश्वनाथांचे पणतू माधवराव 1772 मध्ये थेऊरला अखेरचे दिवस मोजत होते, तेव्हाही कर्जफेडीची चिंता त्यांना सोडत नव्हती. म्हणून आपल्या आमदारांनी मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात एवढे तरी विचारावे की नव्या प्रत्येक रस्त्याच्या आणि पुलाच्या खर्चाशेजारी त्याच्या पुढच्या वीस वर्षांच्या डागडुजीची रक्कम कुठे लिहिली आहे.