येण्याचा कायदा, जाण्याचा कायदा

सुदुंबरे हे मावळातले, संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीचे गाव. एका अंगाला तळेगावची औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला चाकणची. जर्मन, अमेरिकी, कोरियन कंपन्यांच्या पाट्या या पट्ट्यातल्या माणसाला नव्या नाहीत. त्यामुळे परदेशी कंपनीला इथे पैसा घालताना कायद्याचा कोणता सल्ला मिळतो, हा प्रश्न मुंबईतल्या वकिलांच्या कचेऱ्यांपुरता राहत नाही. त्या सल्ल्यात जे राहून जाते, त्याची किंमत मावळातल्या घरांना मोजावी लागते.

या विषयावर तीन मते ठामपणे मांडली जातात. पहिले, कायदा म्हणजे परवाने. ते एका खिडकीत मिळवून दिले की सल्लागाराचे काम संपले. दुसरे, करार घट्ट बांधला की कंपनीला भय नाही. तिसरे मत पलीकडच्या बाजूचे आहे: परक्या कंपनीला आपला कायदा समजावून सांगणे म्हणजे आपल्याच घराच्या किल्ल्या तिच्या हाती देणे. तिन्ही मते प्रामाणिकपणे मांडली जातात. तिन्ही तपासली तर टिकत नाहीत.

परवान्यांचे मत आधी घेऊ. भारतात आज बहुतेक क्षेत्रांत परकीय गुंतवणुकीला सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. कंपनी नोंदवायची, वर्षात किमान 182 दिवस भारतात राहणारा एक संचालक नेमायचा, बाहेरून पैसा आला की 60 दिवसांत शेअर द्यायचे आणि त्यानंतर 30 दिवसांत रिझर्व्ह बँकेला कळवायचे. चांगला सीए आणि कंपनी सेक्रेटरी हे बिनबोभाट पार पाडतात. अडचण पुढे सुरू होते, ती जमीन, माल आणि माणूस या तीन ठिकाणी.

जमिनीचे घ्या. एमआयडीसीचा भूखंड 95 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो, तिथे वाट त्यातल्या त्यात सरळ आहे. पण गोदामासाठी किंवा सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कारखान्यासाठी वसाहतीबाहेर जागा पाहू लागले की सातबारा समोर येतो. वरच भूधारणा पद्धत लिहिलेली असते. वर्ग दोन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही. खाली खातेदारांची नावे, त्यांत एखादे मयताचे, वारसनोंद न झालेले. शेजारी ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला हिस्सा. 2005 च्या दुरुस्तीनंतर मुलीही वडिलोपार्जित जमिनीत जन्मतः समान वाटेकरी आहेत, पण फेरफारात त्यांची नावे अनेकदा नसतात. हे एक पान नीट न वाचता घेतलेली जागा पुढे वर्षानुवर्षे दिवाणी न्यायालयात अडकते. ते वाचायला मराठी येणारा, तलाठी कार्यालयात बसणारा जाणकार लागतो. कोणतीही खिडकी ते काम करत नाही.

मालाची गोष्टही तीच. आयात केलेले भाग ‘सुटे भाग’ की ‘जोडणीसाठी आणलेली अख्खी गाडी’, यावर सीमाशुल्काचा दर ठरतो आणि दोहोंत फार मोठे अंतर आहे. सप्टेंबर 2024 मध्ये स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सीमाशुल्क विभागाने याच कारणावरून सुमारे 1.4 अब्ज डॉलरची नोटीस दिली आणि कंपनीने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. कोण बरोबर ते न्यायालय ठरवील. पण इतक्या मुरलेल्या कंपनीवरही असा वाद ओढवू शकतो, एवढ्यावरून परवाना हाती येणे ही कायद्याची सुरुवात असते, शेवट नसतो, हे दिसतेच.

आता घट्ट कराराचे मत. त्याला दाभोळइतके सडेतोड उत्तर दुसरे नाही. एन्रॉनच्या दाभोळ वीज कंपनीने 1993 मध्ये राज्य वीज मंडळाशी केलेला करार कागदावर अभेद्य होता. दर डॉलरशी बांधलेला, वीज घ्या किंवा न घ्या पैसे द्यावेच लागतील अशी अट, राज्याची हमी, वर केंद्राची प्रतिहमी, तंटा झालाच तर लंडनमध्ये लवाद. कंपनीच्या वकिलांनी काही सोडले नव्हते. 1995 मध्ये युती सरकारने करार रद्द केला, 1996 मध्ये तो नव्याने झाला, 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला आणि मे 2001 मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले. प्रकल्प बंद पडला. जो करार दुसऱ्या पक्षाला पेलणारच नाही, तो कितीही घट्ट बांधला तरी उभा राहत नाही. प्रकल्प जिथे होता त्या गुहागरच्या लोकांचा विरोध आणि वीज मंडळाची ऐपत या दोन गोष्टी कलमांत कुठेच नव्हत्या, आणि करार कोसळला तो तिथेच. सगळे आपल्याच पदरात पाडून घेण्याचा सल्ला हा वाईट सल्ला असतो, हे सल्लागारांनी दाभोळकडून शिकायला हवे होते.

तिसरे मत इतिहासाचा दाखला घेऊन येते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयी, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयी, सावध केले आहे: यांच्यामागे त्यांचे राजे आहेत, यांना वखारीसाठी समुद्रकिनारी जागा देऊ नये, पक्की बांधकामे करू देऊ नयेत. हा इशारा खराच आहे. पण त्यातून कायदा लपवून ठेवावा असे कुठे निघते? उलट व्यापाऱ्याला कोणत्या अटींवर येऊ द्यायचे, ते आज्ञापत्र उघड सांगते. त्याआधी 1674 मध्ये हेन्री ऑक्झिंडन इंग्रजांची कलमे घेऊन रायगडावर आला, तेव्हाही हाच रिवाज दिसतो. आयात मालावर अडीच टक्के जकात ठरली, इतर बहुतेक मागण्या मान्य झाल्या. पण किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातला माल मालकाला परत मिळावा, ही मागणी किनाऱ्याच्या जुन्या वहिवाटीविरुद्ध म्हणून शिवाजी महाराजांनी नाकारली. काय मिळेल आणि काय मिळणार नाही, हे समोरासमोर सांगितले गेले. यजमानाचे बळ स्पष्ट बोलण्यात असते. संदिग्ध कायदा परक्याला रोखत नाही, तो फक्त मध्यस्थांचे खिसे भरतो.

मग चांगला सल्ला कोणता? माझे म्हणणे असे, की ज्या सल्ल्यात जाण्याचा कायदा नाही, तो अर्धाच सल्ला आहे. तळेगावने हे भोगले आहे. जनरल मोटर्सचा इथला कारखाना 2008 मध्ये सुरू झाला. 2017 मध्ये कंपनीने भारतातली विक्री थांबवली, डिसेंबर 2020 मध्ये उत्पादनही थांबले. कारखाना चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सला विकायचे जानेवारी 2020 मध्येच ठरले होते. पण त्याच एप्रिलमध्ये केंद्राने शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला पूर्वपरवानगी सक्तीची केली. ती मिळाली नाही आणि 2022 मध्ये व्यवहार मोडला. ह्युंदाईशी करार झाला तो ऑगस्ट 2023 मध्ये. मधल्या काळात हजाराहून अधिक कायम कामगार आणि कंपनी न्यायालयात एकमेकांसमोर उभे राहिले. पस्तिशी-चाळिशीतली, घराचे हप्ते भरणारी माणसे ना धड कामावर, ना धड मोकळी.

जाण्याचा कायदा असा: मोठा कारखाना बंद करायचा तर 90 दिवस आधी सरकारकडे अर्ज, कामगारांचे म्हणणे ऐकणे, 60 दिवसांत निर्णय आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या पगाराइतकी भरपाई. औद्योगिक विवाद कायद्यातून आलेली ही तरतूद जुनी आणि जाहीर आहे. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेने या परवानगीसाठीची 100 कामगारांची मर्यादा 300 वर नेली, तरी मोठा कारखाना त्यातून सुटत नाही.

‘येणाऱ्याला जाण्याचे नियम सांगितले तर तो बिचकेल’, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो मला मान्य नाही. उद्योगपती तोट्याचाही हिशेब करतोच; त्याला भीती असते ती हिशेबात न बसणाऱ्या गोष्टीची. रिकामा कारखाना राखत कोर्टाच्या तारखा मोजणे कोणत्याही कायदेशीर भरपाईपेक्षा महाग पडते.

म्हणून सल्लागाराने पहिल्याच बैठकीत चार गोष्टी सांगाव्यात. सातबारा मुळापासून वाचून घ्या. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर येते, तेव्हा ठेकेदार पारखून नेमा. स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीचे नियम, कामगारांच्या भाषेत, इथे मराठीत, फाटकापाशी लावा. स्थायी आदेशांचा जुना कायदाही तेच सांगत होता. आणि कारखाना कधी बंद करावा लागलाच तर कामगारांची देणी भागवण्याची तजवीज पहिल्या वर्षापासून करा, ती संघटनेला लेखी कळवा.

सरकारनेही सामंजस्य करारांच्या समारंभात गुंतवणुकीचे आणि रोजगाराचे आकडे वाचून दाखवताना याच गोष्टींची लेखी हमी मागावी आणि ती ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लावावी. मावळाने उद्योगांना जमीन दिली, माणसे दिली. येणारी कंपनी किती काळ थांबेल हे कोणी सांगू शकत नाही. ती कशी जाईल, हे मात्र ती येण्याआधी ठरवता येते. तेवढे ठरवून घेण्याचा हक्क सुदुंबऱ्याच्या माणसाला आहे, आणि ते प्रामाणिकपणे ठरवून देणाऱ्या कंपनीला इथे कोणी परके मानणार नाही.