केमिस्ट्रीचं ॲप विद्यार्थ्यांनीच का बनवावं?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे बीएस्सीला फील्ड प्रोजेक्ट आलाय. तो स्पायरल बाइंडिंग करून कपाटात ठेवण्यापेक्षा ज्युनिअर्सना शिकवणारं सिम्युलेशन बनवलं तर?

कोलोरॅडो विद्यापीठाचा ‘फेट’ प्रकल्प २००२ सालचा. त्याची बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत, मोबाइलच्या ब्राउझरमध्ये चालतात. भारीच आहेत, पण आपण लॅबमध्ये नेमके कुठे अडकतो हे त्यांना कुठून कळणार?

खडकवासला धरणातून पुण्याच्या नळाला येणारं पाणी घ्या. त्याचा हार्डनेस मोजताना ईडीटीए थेंबथेंब सोडतात, वाइनसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं. त्यासाठी पीएच १० च्या आसपास लागतो. बफर घालायचा राहिला तर? अभिक्रियेत हायड्रोजन आयन सुटतात, पीएच घसरतो आणि निळा रंग काही नीट येत नाही. सरांना बफर इतका सवयीचा असतो की तो का घालायचा, हे सांगायचंच राहतं. गेल्या वर्षी स्वतः फसलेली सिनिअर मात्र स्क्रीनवर बफरशिवाय पुढे जाऊ देईल, रंग बिघडू देईल आणि मग कारण दाखवेल.

धोका एकच: सिनिअरचा गैरसमज असेल तर तोही व्हॉट्सॲपवरून वर्गभर पसरतो. म्हणून लिंक टाकण्याआधी सरांकडून तपासून घ्या. कोडिंगचं टेन्शन नको, सुरुवातीला एक एचटीएमएल फाइल पुरते.