न कापलेली पाने

दुर्मीळ पुस्तके जमविणाऱ्यांविषयी आदरानेच बोलावे, अशी आपल्याकडे रीत आहे. ती रीत मोडण्याचे पाप आज आम्ही करणार आहोत.

निमित्त साधे आहे. विदर्भातील एका सधन गृहस्थांनी आपला ग्रंथसंग्रह पाहण्यास आम्हांस बोलाविले. मासेमारी आणि अज्ञात मुलखांचा शोध या दोन विषयांवरील इंग्रजी ग्रंथांच्या केवळ प्रथमावृत्त्या ते जमवितात. काचेच्या कपाटात कॅप्टन फोर्सिथ यांचा मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील १८७१ सालचा ग्रंथ होता, शेजारी एच. एस. थॉमस यांचे 'द रॉड इन इंडिया', १८७३ साली मंगळूरला छापलेले. आम्ही हात पुढे केला, तोच गृहस्थांनी थांबविले. ''याची पाने अजून कापलेली नाहीत,'' ते अभिमानाने म्हणाले, ''म्हणून तर किंमत!'' म्हणजे दीडशे वर्षांत हे पुस्तक कोणी वाचले नाही, आणि न वाचल्यामुळेच त्याचे मोल वाढले!

प्रथमावृत्तीचे हे देव्हारे माजविणाऱ्यांना आमचा पहिला प्रश्न असा, की पहिली आवृत्ती ही उत्तम आवृत्ती असते, हे तुम्हांला कोणी सांगितले? आयझॅक वॉल्टन यांचे गळाच्या मासेमारीवरील जगप्रसिद्ध पुस्तक १६५३ साली निघाले, तेव्हा त्यात तेरा प्रकरणे होती. दोनच वर्षांनी लेखकाने ती एकवीस केली. लुईस आणि क्लार्क यांनी १८०४ ते १८०६ या काळात अमेरिकेचा पश्चिम मुलूख पालथा घातला. त्यांचा वृत्तांत १८१४ साली छापला गेला, तो वनस्पती व प्राण्यांविषयीच्या बहुतेक नोंदी गाळून. मूळ रोजनिशा सविस्तर वाचावयास जगाला १९०४ साल उजाडावे लागले. आपल्या विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'चेही तेच. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ते प्रसिद्ध केले, ते भाषेत व मजकुरात फेरफार करून. गोडसेभटजींचा अस्सल मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली वाचकांच्या हाती दिला. संग्राहक मात्र १९०७ च्या प्रतीसाठी जीव टाकणार!

यावर उत्तर ठरलेले आहे: ''आम्ही नसतो, तर ही पुस्तके वाळवीने खाल्ली असती.'' हे आम्ही मान्य करतो. आपल्या अनेक वाड्यांतून आणि वाचनालयांतून पुस्तके रद्दीच्या भावाने गेली, ती ज्यांनी उचलली त्यांचे ऋण मोठे आहे. लेखक प्रथम काय म्हणाला, नंतर काय बदलले, हे पडताळून पाहण्यास पहिली प्रत लागतेच. पण पडताळणार कोण? कपाटाची किल्ली ज्याच्या कमरेला, तो स्वतः वाचत नाही; आणि दुसऱ्याला वाचू देत नाही.

फादर स्टीफन्स यांच्या 'क्रिस्तपुराणा'ची कथा येथे आठवावी. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. पुढच्या १६४९ आणि १६५४ च्या आवृत्त्यांचीही तीच गत. तरी ग्रंथ जगला. कारण लोकांनी तो हाताने उतरून घेतला, मोठ्याने वाचला, गायिला. त्या हस्तलिखितांच्याच आधारे १९०७ साली मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. ज्यांना प्रथमावृत्ती मिळालीच नाही, त्यांनी पुराण वाचविले!

त्या गृहस्थांचा निरोप घेऊन आम्ही गोंदियालगतच्या नागऱ्यास गेलो. प्राचीन शिवमंदिरासाठी हे गाव ओळखले जाते. सारा परिसर तळ्यांचा. तेथे एका वृद्ध ढिवराशी गाठ पडली. पहिल्या पावसात कोणता मासा आधी चढणीला लागतो, हे त्याने बोटांवर मोजून सांगितले. मरळीची तांबूस पिल्ले घोळक्याने पाण्यावर दिसली, की खाली नर-मादी राखणीला आहेत असे समजावे आणि त्या जागी जाळे टाकू नये, असा त्याच्या बापाचा दंडक. कोणत्या काठाला देवधान उगवते, बेशरम माजली की कोणते मासे तळे सोडतात, सारे त्याला मुखोद्गत. नातू गोंदियाच्या राईस मिलमध्ये कामाला आहे. त्याला सोसायटीने सोडलेले रोहू आणि कटला तेवढे ओळखू येतात.

या ज्ञानाची प्रथमावृत्ती कोठे आहे? साहेबाच्या पुस्तकात माशाचे वजन आहे, दोरीची लांबी आहे. डोह दाखविणाऱ्याचे नाव सहसा नसते. अपवाद घडले, ते कान देणाऱ्यांमुळे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी गोंडांचे लिंगोगीत ऐकून उतरून घेतले. १८६३ साली ते बुडून मरण पावले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली छापले, म्हणून ते गीत उरले. मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते. रानातल्या माणसांकडून शब्द शिकून त्यांनी ते मराठीत आणले. २०२५ साली तेही गेले. आता वही घेऊन तळ्याकाठी कोण बसणार?

आमचे मागणे फार नाही. ज्यांच्याकडे दुर्मीळ ग्रंथ आहेत, त्यांनी महिन्यातून एक दिवस अभ्यासकांसाठी कपाट उघडावे आणि पानांची छायाचित्रे कोणालाही घेऊ द्यावीत. एका प्रथमावृत्तीला जेवढे मोजता, तेवढ्यात एखादा विद्यार्थी वर्षभर गावोगाव हिंडून ढिवरांचे शब्द टिपून आणील. त्याचा खर्च उचलावा. त्या वहीची प्रत जगात एकच असेल. दुर्मीळपणाचाच सोस असेल, तर याहून दुर्मीळ काय हवे?

आणि त्या गृहस्थांना आमची एक विनंती. सुरी घ्यावी, थॉमस साहेबांची पाने कापावीत, आणि पुस्तक वाचावे. किंमत उतरेल. खुशाल उतरू द्यावी.