सार्वजनिक जागेचा वारसा कोणाचा?

मुंबईच्या ओव्हल मैदानाच्या पूर्वेस उच्च न्यायालयाची भव्य दगडी इमारत उभी आहे. कर्नल फुलर ह्या अभियंत्याच्या आराखड्यावरून बांधलेली ही वास्तू १८७८ साली पुरी झाली. तिच्या शेजारी विद्यापीठ व त्याचा राजाबाई मनोरा आहे, तर मैदानाच्या पश्चिमेस समुद्रातून मिळविलेल्या जमिनीवर १९३० नंतर उठलेल्या निवासी इमारतींची रांग आहे. २०१८ साली युनेस्कोने हा सारा समूह जागतिक वारसा म्हणून मान्य केला. त्यापूर्वी १९९५ साली मुंबईतील वारसावास्तूंच्या रक्षणासाठी शासनाने नियमावली केली, वास्तूंच्या तीन श्रेणी ठरविल्या आणि त्यांत फेरफार करण्यापूर्वी तज्ज्ञ समितीचे मत घेण्याची पद्धत घातली. ज्या अभ्यासकांनी कमान न् कमान मोजून, नकाशे व दप्तरे धुंडाळून हे कार्य सिद्धीस नेले, त्यांच्या परिश्रमांविषयी आम्हांस आदरच आहे.

तथापि ह्या संशोधनात एक मोठी उणीव राहून जाते, आणि ती दाखविणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. उच्च न्यायालयाची ही वास्तू कोणत्या शैलीची आहे, तिचा दगड कोणता, तिच्या शिखरांवर कोणत्या मूर्ती आहेत, हे शोधले तर सापडते. परंतु महाडच्या चवदार तळ्याचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी ह्याच न्यायालयात लागला, ही गोष्ट वास्तूच्या मोलात धरली जाते काय? कमानीला श्रेणी मिळते. त्या कमानीखाली झालेल्या न्यायाला मिळत नाही. आमच्या मते वास्तूचा वारसा दगडात असतो, तितकाच तो त्या दगडापर्यंत कोणास जाता आले आणि कोणास जाता आले नाही, ह्या इतिहासातही असतो. दुसरा भाग सोडून पहिला जपणे म्हणजे सातबाऱ्याचा उतारा जपून त्यातील कुळाचे नाव खोडण्यासारखे आहे.

चवदार तळ्याचेच उदाहरण घेऊ. आपल्या घरोघरी २० मार्च १९२७ ची हकीकत सांगितली जाते, आणि ती सांगितली जावी हे योग्यच आहे. परंतु त्या तळ्याची आखणी कशी होती, हे फारसे कोणी सांगत नाही. हे तळे महाड शहराच्या मध्यभागी आहे. उच्च न्यायालयाच्या निकालपत्रात त्याचे वर्णन आले आहे. तळ्याच्या चोहो बाजूंस नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे बहुतेक सवर्णांची घरे, काठावरील जमिनीच्या पट्ट्या व पाण्यापर्यंत जाणारे घाट पुष्कळ ठिकाणी त्याच घरमालकांच्या मालकीचे, आणि अस्पृश्यांचे एकही घर जवळपास नाही. पाणी नगरपालिकेचे, पण पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या दुसऱ्यांच्या. खेड्यापाड्यांतून बाजारासाठी किंवा सरकारी कामासाठी तालुक्याच्या गावी आलेल्या आपल्या माणसास तहान लागली, तर त्याला महारवाड्यातील विहिरीपर्यंत चालत जावे लागे. ती विहीर गावाच्या मध्यापासून दूर, आणि नगरपालिकेच्या दुर्लक्षामुळे गाळाने भरलेली.

आता पाहा, ह्या रचनेने काय काम केले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रा. ब. बोले ह्यांच्या ठरावाने मुंबई कायदेमंडळाने सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या केल्या. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर बंदी उरली नाही. तरीही १९२७ पर्यंत तळ्याकडे कोणास जाता आले नाही. ठराव कागदावर होता आणि घरे, घाट व पायऱ्या जमिनीवर होत्या. जमिनीवरील गोष्ट कागदावरील गोष्टीहून बलवत्तर ठरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांसह रस्त्याने चालत गेले, पायऱ्या उतरले आणि पाणी प्याले, तेव्हा त्यांनी एक रूढी मोडली, एवढेच नव्हे. त्यांनी एका नगररचनेस आव्हान दिले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि त्याच वर्षी डिसेंबरात वादींनी दिवाणी दावा गुदरला.

वादींचे म्हणणे असे होते की, अस्पृश्यांस ह्या तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आली आहे. न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया ह्यांनी ती वहिवाट अनादी असल्याचे सिद्ध झाले नाही असे ठरवून अपील फेटाळले. कायद्याच्या विद्यार्थ्यास ह्यात एक बोध आहे. ज्या जागेभोवती एकाच वर्गाची घरे व घाट आहेत, तेथे दुसरा वर्ग दिसत नाही, एवढ्यावरून त्यास येण्याचा अधिकारच नव्हता असे म्हणता येत नाही. आधी रचनेने माणसास दूर ठेवायचे आणि मग त्याच्या गैरहजेरीचाच पुरावा करावयाचा, ही युक्ती जुनी आहे. न्यायालयात ती १९३७ साली हरली. नकाशावर ती अजून हरलेली नाही.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागा ह्यांचा नावानिशी उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान ह्या कारणावरून कोणाही नागरिकास त्यांच्या वापरापासून वंचित करता येणार नाही. मूलभूत अधिकारांत घाटाचे व तळ्याचे नाव यावे, ह्याचा अर्थ आपल्या लोकांनी तो पायरीपायरीने अनुभवलेला होता. पुष्कळ लोक हा खंड अस्पृश्यतेच्या इतिहासातील एक पान म्हणून वाचतात. आमच्या मते तो नगररचनेचाही पाया आहे. सार्वजनिक जागेचा आराखडा काढणाऱ्या प्रत्येक वास्तुविशारदाच्या मेजावर तो असला पाहिजे.

आज कोणी तळ्यावर ‘अमुक जातीस बंदी’ अशी पाटी लावू शकत नाही. परंतु पाटीचे काम कुंपण करू शकते, प्रवेशशुल्क करू शकते, फाटकाची वेळ करू शकते. काही काळापूर्वी एका तालुक्याच्या गावची काही कुटुंबे आमच्याकडे सल्ल्यासाठी आली होती. गावातील जुन्या तळ्याचे सुशोभीकरण झाले होते. फरसबंदी, दिवे, बाके, सारे काही नीटनेटके. मात्र वस्तीच्या बाजूने तळ्याकडे येणारी जुनी पायवाट कुंपणात बंद झाली होती आणि नवे फाटक बाजारपेठेच्या बाजूस ठेवले होते. वस्तीतील स्त्रियांस आता अर्धा गाव वळसा घालून यावे लागे. तुम्ही आराखडा प्रसिद्ध झाला तेव्हा हरकत घेतली काय, असे आम्ही विचारले. आराखडा कधी लागला होता, हेच त्यांना ठाऊक नव्हते. आराखडा करणाराच्या मनात जातिद्वेष होता असे आम्ही म्हणणार नाही. कदाचित त्याने वस्तीकडील पायवाट पाहिलीच नसेल. पण न पाहणे हीच तर तक्रार आहे. जुन्या तळ्याचा दगड किती वर्षांचा आहे ह्याची चौकशी झाली. तेथे कोण कोणत्या वाटेने येत होते ह्याची झाली नाही.

ह्याहून मोठे उदाहरण नागपूरच्या दीक्षाभूमीचे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे लक्षावधी माणसांनी धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा ते एक मोकळे मैदान होते. पुढे शिवदानमल ह्या वास्तुविशारदाच्या आराखड्यावरून तेथे सांचीच्या धर्तीवरील स्तूप उभा राहिला आणि १८ डिसेंबर २००१ रोजी तत्कालीन राष्ट्रपती के. आर. नारायणन ह्यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सांचीचा स्तूप भरीव आहे, त्यास बाहेरून प्रदक्षिणा घालावयाची असते. दीक्षाभूमीचा घुमट आतून पोकळ आहे, त्याखाली माणसांस एकत्र जमता येते. जुन्या आकारात नव्या काळाची गरज कशी बसवावी, ह्याचा हा उत्तम नमुना होय.

ह्याच परिसरात भूमिगत वाहनतळाचे काम सुरू झाले, तेव्हा १ जुलै २०२४ रोजी जमलेल्या लोकांनी ते बंद पाडले आणि त्याच दिवशी शासनाने कामास स्थगिती दिली. त्या दिवशी बांधकामाच्या साहित्याची जाळपोळही झाली. सनदशीर मार्ग खुले असता असा मार्ग आम्हांस मान्य नाही, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. परंतु लोकांच्या मनातील प्रश्न खरा होता. खोदकामाने स्तूपास धोका पोहोचेल काय, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी येणाऱ्या जनसागरास उभे राहण्यास जमीन उरेल काय, हे ते विचारीत होते. वाहनतळ ही सोय असेल. पण जेथे मोकळी जमीन हाच वारसा आहे, तेथे सोयीचा विचार त्या जमिनीपासून सुरू झाला पाहिजे. आणि हे आधी विचारले असते, तर नंतर कोणास रस्त्यावर यावे लागले नसते.

कोणी म्हणेल, दगडाच्या अभ्यासात माणसांचा हिशेब कशास हवा? त्यास आमचे उत्तर जुन्नरच्या लेण्यांत कोरलेले आहे. तेथील एका लेखात धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याची एक पोढी दान केल्याची नोंद आहे. भाजे येथे एका महारठ्याने पोढी दिल्याचा लेख आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावरील नक्षीकाम विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी केले, असे त्या तोरणावरच लिहिले आहे. ज्यांनी ह्या वास्तू उभारल्या, त्यांनी कष्ट करणाराचे नाव व धंदा दगडात कोरण्यास कमीपणा मानला नाही आणि पाण्याचे टाके देणे हे लेणे देण्याइतकेच पुण्याचे मानले. वास्तूबरोबर माणसांची नोंद ठेवणे ही काही आमची नवी मागणी नव्हे. ती ह्या भूमीतील फार जुनी रीत आहे.

म्हणून वारशाच्या अभ्यासकांकडे आमची मागणी एवढीच आहे की, त्यांच्या नोंदवहीत शैली, साल आणि श्रेणी ह्यांच्यापुढे आणखी एक रकाना असावा: ह्या जागी कोणास येता येत होते, कोणत्या वाटेने, आणि आज येता येते काय? तो रकाना भरल्याशिवाय कोणत्याही सार्वजनिक जागेचा आराखडा मंजूर होऊ नये.

परंतु दुसऱ्यांकडे मागण्या करून थांबणे हा आपला मार्ग नव्हे. नवदीक्षित बंधुभगिनींनो, धम्म स्वीकारल्याने आपले मन मोकळे झाले. गावाचा नकाशा मात्र जुनाच आहे, आणि तो आपोआप बदलणार नाही. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांस विचारा की पाणी कोठून भरीत होते, कोणत्या रस्त्याने जाता येत नव्हते, सभा कोठे भरत होती, पहिले विहार कोणत्या चाळीत वा कोणत्या झाडाखाली होते. तारीख घालून ते लिहून काढा. बाबासाहेब परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होते. अशा साध्या भिंतींची आठवण आपण जपली नाही, तर दुसरे कोणी जपणार नाही. नगरपालिकेच्या फलकावर लक्ष ठेवा. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार विकास योजनेचा मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती व सूचना मागविल्या जातात. विहित मुदतीत दिलेला एक लेखी अर्ज मुदतीनंतरच्या शंभर सभांहून अधिक कामाचा असतो. त्याची पोच घ्या आणि सुनावणीस हजर राहा. आणि आपल्या मुलामुलींपैकी एखाद्यास तरी वास्तुकला व नगररचना शिकवा. कायद्याच्या क्षेत्रात आपली माणसे आली, तशी नकाशाच्या मेजापाशीही आली पाहिजेत.

२०२७ साली महाडच्या सत्याग्रहास शंभर वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने पुतळे, कमानी, कारंजी ह्यांच्या कल्पना निघतील. आमचे म्हणणे साधे आहे. जे काही बांधावयाचे ते बांधावे; पण त्या तळ्याकडे जाणारी वाट रुंद असावी, पायऱ्या म्हाताऱ्या माणसास उतरता येतील अशा असाव्यात, पिण्याचे पाणी विनामूल्य असावे, आणि फाटक असेलच तर ते उघडे असावे. त्या दिवशी हजारो माणसे तेथे पाणी पिण्यासाठी चालत गेली होती. तळ्याकाठी काहीही नवे करताना ही एक गोष्ट आधी ध्यानात घेतली पाहिजे.